दुसऱ्याच्या नावाची गोळी

पीएल सुरू झाली की हॉस्टेलमध्ये ठरलेले मेसेज फिरायला लागतात. ‘थर्ड युनिटच्या नोट्स आहेत का कुणाकडे?’, ‘लायब्ररीत जागा पकडून ठेव ना यार.’ आणि अलीकडे एक तिसरा मेसेज येतो, तो ग्रुपवर नाही, पर्सनलवर: ‘ती फोकसची गोळी आहे का तुझ्याकडे?’

आता ‘ती’ गोळी म्हणजे एकच गोळी नसते. कधी ती मिथाइलफेनिडेट असते, म्हणजे एडीएचडीसाठी दिलं जाणारं, जगभर रिटालिन या नावाने ओळखलं जाणारं औषध. कधी ती मोडाफिनिल असते. हे औषध नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप येणाऱ्या पेशंट्सना जागं ठेवायला देतात. अमेरिकेत एमएसला गेलेल्या सीनियर्सच्या गप्पांमध्ये ॲडरॉलचं नाव येतं. ते ॲम्फेटामाइन. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, पण वेबसिरीज बघून त्याची कीर्ती आपल्यापर्यंत पोचलेली आहेच. तिन्ही औषधं वेगळी, त्यांचे आजार वेगळे, साइड इफेक्ट्सही बरेचसे वेगळे. हॉस्टेलमध्ये मात्र तिघांचं बारसं एकाच नावाने झालंय.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगते. ज्यांना या औषधांची गरज आहे, त्यांना ती मिळायला हवीत आणि ती घेताना त्यांना लाज वाटता कामा नये. आणि ज्यांच्या नावाने ती लिहून दिलेली नाहीत, त्यांनी ती तोंडात टाकू नयेत. या दोन्ही गोष्टी एका दमात बोलणारी माणसं मला कॅम्पसमध्ये फार कमी भेटतात. अर्ध्यांना वाटतं, असली गोळी म्हणजे नशाच. उरलेल्यांना वाटतं, स्ट्राँग कॉफी आहे, काय होतंय! आणि दोन्ही बाजूंना या गोळ्या शरीरात गेल्यावर नेमकं काय करतात, याचा पत्ता नसतो.

थोडा इतिहास, कारण तो खरंच मजेशीर आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका मानसोपचार संस्थेत काम करत होते. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं, म्हणून त्यांनी मुलांना बेन्झेड्रिन हे ॲम्फेटामाइन देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण काही मुलं शाळेत एकदम शांत बसून गणितं सोडवायला लागली. मुलांनीच त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणायला सुरुवात केली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या केमिस्टने मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्याच्या बायकोचं लाडाचं नाव रिटा. तिचं ब्लड प्रेशर कमी असायचं, म्हणून टेनिस खेळायच्या आधी ती हे औषध घ्यायची, असं सांगतात. तिच्या नावावरून औषध झालं रिटालिन. या गोष्टीत एक गंमत लपलेली आहे. रिटाबाईंना बरं वाटायचं, कारण हे औषध ब्लड प्रेशर वाढवतं. आज पाकिटातल्या कागदावर जी गोष्ट साइड इफेक्ट म्हणून छापलेली असते, तीच त्यांच्यासाठी मुख्य इफेक्ट होती.

आणि हे असं का, ते कळायला फार सायन्स लागत नाही. मेंदूतल्या पेशी डोपामाइन आणि नॉरॲड्रेनालिन अशा रसायनांमधून एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप पोचला की ते रसायन परत आत ओढून घेतलं जातं. मिथाइलफेनिडेट हे परत ओढणं अडवतं, त्यामुळे रसायन जास्त वेळ बाहेर राहतं. ॲम्फेटामाइन त्याच्याही पुढे जातं, ते आणखी रसायन बाहेर सोडायला लावतं. एडीएचडी असलेल्या माणसाला यामुळे लक्ष एका जागी टिकवणं सोपं होतं. पण नॉरॲड्रेनालिनचं राज्य फक्त डोक्यात नाही. हृदय, रक्तवाहिन्या, पोट, सगळीकडे त्याचा हुकूम चालतो. गोळी गिळताना तिला ‘तू फक्त डेटा स्ट्रक्चरच्या चॅप्टरपुरती काम कर’ असं सांगायची सोय नाही.

माझी एक मैत्रीण आर्किटेक्चरला आहे. विसाव्या वर्षी तिला एडीएचडी असल्याचं निदान झालं आणि मिथाइलफेनिडेट सुरू झालं. हे लिहायचं ठरलं तेव्हा मी तिला विचारलं, ‘नेमकं काय काय होतं गं?’ तिने फोनमधली एक नोट उघडून माझ्यापुढे धरली. तारीखवार सगळं लिहिलेलं.

पहिल्या आठवड्यात भूक गेली. ती म्हणाली, ‘डाएट करताना कशी भूक मारावी लागते, तसं नाही ते. खायचं असतं हेच आठवत नाही.’ दुपारचा डबा जसाच्या तसा घरी जायचा. आईची समजूत, पोरगी कॅन्टीनला वडापाव खाते आणि घरच्या पोळीभाजीला नाक मुरडते. त्यावरून दोन दिवस अबोला! संध्याकाळी औषधाचा असर उतरला की मात्र समोर दिसेल ते खावंसं वाटायचं. तीन आठवड्यांत वजन अडीच किलोनी उतरलं. तोंड सतत कोरडं. रात्री दीड-दोनपर्यंत टक्क डोळे उघडे. शीट काढताना बोटं थंडगार पडायची, मे महिन्यातसुद्धा. (हेही या औषधांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात.) आणि सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळचा तासभर. औषध ओसरायला लागलं की चिडचिड, रडू, उगाच उदास वाटणं. कुणी ‘जेवलीस का?’ विचारलं तरी राग यायचा. याला डॉक्टर रिबाउंड म्हणतात.

पण त्या नोटमध्ये प्रत्येक तक्रारीखाली आणखी एक ओळ होती, आणि मला सांगायचंय ते तिथे आहे. भूक जाते? मग गोळीच्या आधी भरपूर नाश्ता, पोहे-उपमा नाही तर अंडी, आणि रात्री नीट जेवण. झोप येत नाही? गोळीची वेळ सकाळी आणखी लवकर. रिबाउंड फार होतोय? डॉक्टरांनी डोस आणि गोळीचा प्रकार, दोन्ही बदलले. दर भेटीला वजन, ब्लड प्रेशर, नाडी. आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी, पहिली गोळी हातात पडण्यापूर्वी, अर्धा तास नुसते प्रश्न. कधी चक्कर येऊन पडलीस का? पळताना छातीत दुखतं का? घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का? कुणाला बायपोलरचा त्रास आहे का? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? दारू, सिगारेट? तेव्हा तिला वाटलं होतं, ‘हे काय चौकशी आयोग बसवल्यासारखं!’

दोन महिन्यांनी डबा अर्धा तरी संपायला लागला. सगळं काही गेलं असं नाही. तिचं म्हणणं, ‘एवढं चालतं मला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक चॅप्टर एका बैठकीत वाचून संपवला. त्याच्या बदल्यात एक पोळी कमी जाते, तर जाऊ दे. पण हा हिशोब मी केलाय, माझ्या डॉक्टरांबरोबर बसून.’

आपण प्रिस्क्रिप्शनकडे परवानगीची चिठ्ठी म्हणून बघतो. गेटवर दाखवायचा आयडी असतो तसं. डॉक्टरकडे न जाता गोळी मिळाली, म्हणजे रांग चुकवून आत गेलो, एवढंच आपल्याला वाटतं. पण त्या कागदामागे तो अर्ध्या तासाचा चौकशी आयोग असतो आणि नंतरची पहारेदारी असते. मैत्रिणीच्या स्ट्रिपमधली एक गोळी तुम्ही उचलता, तेव्हा तिचे साइड इफेक्ट्स सगळेच्या सगळे तुमच्याकडे येतात. ती पहारेदारी मात्र तिच्याकडेच राहते.

हृदयाचं उदाहरण घ्या. मिथाइलफेनिडेटच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की रक्तदाब सरासरी २ ते ४ मिलिमीटरने आणि नाडीचे ठोके मिनिटाला ३ ते ६ ने वाढतात. वाचून वाटतं, एवढंच ना? जिन्याचे दोन मजले चढलो तरी याहून जास्त वाढतात. पण सरासरी ही सगळ्यांची मिळून असते. काहींमध्ये वाढ बरीच जास्त होते, असंही तिथेच लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच दर भेटीला मोजायला सांगतात. ज्यांच्या हृदयाच्या रचनेत जन्मापासून काही दोष आहे किंवा ज्यांच्या ठोक्यांची लय बिघडते, अशांमध्ये ही औषधं घेताना अचानक मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. अशी माणसं थोडी असतात. प्रश्न असा, की आपण त्या थोड्यांमध्ये आहोत का, हे बाविसाव्या वर्षी आपल्यापैकी किती जणांनी तपासून घेतलंय? शिवाय परीक्षेच्या रात्री गोळी एकटी कुठे पोटात जाते? सोबत तीन कॉफ्या असतात, एखादं एनर्जी ड्रिंक असतं, सर्दी झाली म्हणून घेतलेली नाक मोकळं करणारी गोळी असते. यातल्या बऱ्याच गोष्टी ब्लड प्रेशर आणि ठोके वाढवणाऱ्याच. पेपर संपल्यावरच्या पार्टीचं तर वेगळंच. स्टिम्युलंटमुळे दारूची गुंगी जाणवत नाही, म्हणून माणूस आणखी पीत राहतो. शरीराला काय पाजलंय ते शरीराला बरोबर कळत असतं.

मनाचं त्याहून नाजूक. या औषधांवर असताना, आधी काही मानसिक आजार नसलेल्यांनाही, भास होणं किंवा कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असा पक्का संशय येणं, हे घडू शकतं. प्रमाण कमी आहे, हजारात एखाद्याला, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसवर. बायपोलर असलेल्यांमध्ये उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. आणि बायपोलरची पहिली लक्षणं बऱ्याचदा दिसतात ती नेमकी आपल्याच वयात. म्हणजे ‘मला तसलं काही नाहीये’ हे वाक्य आपल्या वयाच्या कुणालाच छातीठोकपणे बोलता येत नाही. डॉक्टर म्हणून तर घरच्यांबद्दल विचारतात.

सवयीबद्दल तर बोलायलाच नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांच्या लेबलवरचा गैरवापर आणि व्यसनाबद्दलचा इशारा आणखी ठळक आणि एकसारखा करायला लावला. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहायला सांगितली, की ही औषधं दुसऱ्याला देऊ नका. बऱ्याचदा गैरवापर करणाऱ्यांना ती मिळतात कुठून, तर मित्रांकडून नाही तर घरातल्याच कुणाकडून. गल्लीच्या कोपऱ्यावर उभा असलेला पिक्चरमधला पेडलर विसरा. इथे पुरवठा करणारी म्हणजे आपली रूममेट, आणि तिचा हेतूही चांगलाच असतो.

मोडाफिनिलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘ते स्टिम्युलंट नाहीच, सेफ आहे’ असं ठामपणे सांगणारा एक तरी सीनियर प्रत्येक मजल्यावर असतो. ते ॲम्फेटामाइनसारखं नाही, हे बरोबर. पण सेफ? डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थपणा हे नेहमीचे साइड इफेक्ट्स. शिवाय हे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. निम्मं औषध जायलाच साधारण १२ ते १५ तास लागतात. रात्री दहाला नाइट मारायला घेतली, तर सकाळी दहाला पेपर लिहिताना निम्मी गोळी अजून तुमच्या अंगात असते आणि दुपारी येऊन पडलात तरी झोप येत नाही. आणि परवा दुसरा पेपर! वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते, हे आपण अकरावीच्या सायकॉलॉजीत शिकलोय. म्हणजे एका रात्रीचं वाचन मिळवायला आपण दोन रात्रींचं लक्षात राहणं घालवतो.

क्वचित मोडाफिनिलमुळे अंगावर गंभीर पुरळ येतं. त्याचा एक प्रकार आहे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. त्यात तोंडात, डोळ्यांत फोड येतात, त्वचा सोलवटून निघते आणि जिवाला धोका असतो. आणि एक गोष्ट, जी मुलींच्या हॉस्टेलमध्ये नोटीस बोर्डवर लावायला हवी. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. औषध चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर. कुणी पाळी नियमित यावी म्हणून, कुणी पीसीओडीसाठी, कुणी गर्भनिरोधक म्हणूनच या गोळ्या घेत असतं. नार्कोलेप्सीच्या पेशंटला डॉक्टर हे आधी सांगतात. रात्री अकराला पॅसेजमध्ये गोळी देणारी मैत्रीण कशी सांगणार? तिला स्वतःलाच कुणी सांगितलेलं नसतं. युरोपातल्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये या औषधाचा फेरआढावा घेतला आणि त्याचा वापर नार्कोलेप्सीपुरताच ठेवा अशी शिफारस केली. बाकीच्या कारणांसाठी धोका फायद्याहून जास्त, असं त्यांचं मत पडलं. तेही ज्यांना खरोखर झोपेचे इतर आजार होते अशांच्या बाबतीत. एमपीएससीचं टेन्शन हा आजार त्या यादीत नव्हता.

‘ठीक आहे, पण मार्क तर वाढतात ना?’ हा प्रश्न येणारच, आणि तो प्रामाणिक आहे. मी स्वतः हे वाचायला बसले तेव्हा मलाही वाटलं होतं की साइड इफेक्ट्सच्या मोबदल्यात काहीतरी घसघशीत मिळत असणार.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ निरोगी तरुण मुलामुलींना एकदा ॲम्फेटामाइनची गोळी दिली, एकदा तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुठली कधी ते त्यांना माहीत नाही. मग स्मरणशक्ती, कल्पकता, बुद्धिमत्ता अशा बऱ्याच चाचण्या घेतल्या. एकूणात गोळीचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. पण ‘तुमची कामगिरी कशी झाली?’ असं विचारल्यावर, गोळी घेतलेली असताना मुलांना आपण जास्त चांगलं केलंय असं वाटत होतं. वाटत होतं, फक्त.

दुसरा प्रयोग २०२३ चा, मेलबर्न विद्यापीठातल्या टीमचा. तो मला जास्त आवडला कारण त्यातलं कोडं आपल्या ओळखीचं आहे. समजा तुम्ही हरिश्चंद्रगडाला निघालाय. सॅकमध्ये ठरावीक वजनच मावतं. प्रत्येक वस्तूचं वजन वेगळं, उपयोग वेगळा. काय घ्यायचं आणि काय टाकायचं म्हणजे सॅकचा जास्तीत जास्त उपयोग होईल? प्रयोगात ट्रेकचा संबंध नव्हता, पण कोडं हेच. ४० निरोगी जणांना वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, डेक्सॅम्फेटामाइन, मोडाफिनिल आणि बिनऔषधाची गोळी देऊन ही कोडी सोडवायला लावली. औषध घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ घालवला, वस्तू जास्त वेळा आतबाहेर केल्या. म्हणजे मेहनत वाढली. पण उत्तरं काही सुधारली नाहीत आणि मेहनतीचा दर्जा घसरला, कारण वस्तू विचार न करता, जशा हाताला लागतील तशा हलवल्या जात होत्या. औषधाशिवाय जे सरासरीपेक्षा चांगले होते, त्यातले बरेच जण औषध घेतल्यावर सरासरीच्या खाली गेले.

हे वाचल्यावर मला परीक्षेच्या आदल्या रात्री पाच रंगांच्या हायलायटरने अख्खं पुस्तक रंगवणारी माणसं आठवली. पहाटे चारला त्यांना वाटत असतं, काय जबरदस्त अभ्यास झालाय!

काही जण म्हणतील, कॉफीही स्टिम्युलंटच आहे, मग तिच्यावर लेख का नाही? कॉफीने हात थरथरतात, ॲसिडिटी होते, झोप उडते, सगळं मान्य. पण कॉफी कुणाच्या आजाराचं औषध नाही. तुम्ही अमृततुल्यवर दोन कटिंग जास्त प्यायलात म्हणून कुणाचा उपचार चुकत नाही. माझ्या मैत्रिणीला महिन्याच्या गोळ्या मोजून मिळतात. त्यातली एक तुम्ही मागितलीत, म्हणजे तिचा एक दिवस मागितलात. ती नाही म्हणाली की ‘एवढा काय भाव खातेस!’ आणि तिच्या माघारी, ‘ती गोळ्या घेते ना.’ ज्या तोंडाने मागायचं त्याच तोंडाने नावं ठेवायची, ही आपल्या कॅम्पसची खास कला.

मोजून मिळतात त्यामागे कायदा आहे. आपल्या देशात मिथाइलफेनिडेट शेड्युल एक्समध्ये येतं. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, त्यातली एक प्रत केमिस्टने दोन वर्षं जपून ठेवायची, औषध कुलपात ठेवायचं, आणि ते विकायला दुकानाला वेगळं लायसन्स लागतं. सगळी मेडिकल्स ते घेत नाहीत. मैत्रीण दर महिन्याला दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि कधीकधी ‘स्टॉक नाही, सोमवारी या’ ऐकून परत येते. काउंटरवरचा माणूस तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो ते वेगळंच. हेच औषध एनडीपीएस कायद्याच्या सायकोट्रॉपिक पदार्थांच्या यादीतही आहे. म्हणजे मैत्रिणीला ‘मदत’ म्हणून दिलेली गोळी कायद्याला मदत वाटेलच असं नाही. हे घाबरवायला सांगत नाहीये. पण प्लेसमेंटच्या तोंडावर पोलीस स्टेशनची पायरी चढायची कुणाची तयारी आहे?

सिमोन बाइल्स माहितीय ना? ऑलिंपिकमधली ती अफाट जिम्नॅस्ट. २०१६ मध्ये हॅकर्सनी तिच्या वैद्यकीय फायली फोडल्या आणि ती मिथाइलफेनिडेट घेते हे जगजाहीर केलं. तिच्याकडे त्यासाठीची अधिकृत परवानगी होती. तिने सरळ सांगून टाकलं, मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुसऱ्या बाजूला केली व्हाइट ही अमेरिकन धावपटू. २००३ च्या पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकल्या, चाचणीत मोडाफिनिल सापडलं, आणि पदकं गेली. खेळाडूंच्या जगाने ‘उपचार’ आणि ‘उधारी’ यातला फरक कागदावर तरी नीट लिहून ठेवलाय. आपल्याकडे दोघींनाही एकाच नजरेने बघतात.

मला सगळा दोष मुलांच्या माथी मारायचा नाहीये. चार महिने निवांत चाललेलं सेमिस्टर शेवटच्या तीन आठवड्यांत सबमिशन, व्हायवा, इंटर्नल आणि मेन पेपर एकावर एक रचतं, तेव्हा कुणीतरी शॉर्टकट शोधणारच. अभ्यासिकेत दिवसाला बारा तास बसून तिसरा अटेम्प्ट देणाऱ्या मुलाला ‘झोप पूर्ण घे’ सांगणं सोपं आहे, सांगणाऱ्यासाठी. पण कॉलेजेस या विषयावर काय करतात? अँटी-ड्रग सप्ताहात पोस्टर स्पर्धा घेतात. पोस्टरवर कवटी असते, सिरिंज असते, ‘से नो’ असतं. औषधाच्या स्ट्रिपचं चित्र मी आजवर एकाही पोस्टरवर पाहिलेलं नाही. आणि असतं तरी कवटीशेजारी ती स्ट्रिप बघून माझ्या मैत्रिणीला काय वाटलं असतं? त्यापेक्षा एखाद्या सायकियाट्रिस्टला बोलवा, दार बंद करा, अटेंडन्स घेऊ नका आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. पहिल्याच तासात कळेल, की अर्ध्या जणांना गोळी नकोय, त्यांना हे जाणून घ्यायचंय की आपल्याला लक्ष न लागण्याचा आजार आहे की आपण नुसते दमलोय.

तो प्रश्न ज्यांना खरंच पडलाय, त्यांनी तो रील्सवर सोडवू नये आणि मैत्रिणीच्या स्ट्रिपवर तर मुळीच नाही. गोळी घेऊन लक्ष लागलं म्हणजे एडीएचडी आहे असं सिद्ध होत नाही. ही औषधं बिनआजाराच्या माणसालाही तरतरीत वाटायला लावतात, ते आपण वर पाहिलंच. निदान लहानपणापासूनच्या सवयी, शाळा, घर सगळं विचारून होतं. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटल्समध्ये सायकियाट्रीची ओपीडी असते, आणि तिथली फी कॉलेजकुमारांना परवडते. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

ज्यांना ही औषधं डॉक्टरांनी दिलेली आहेत त्यांनी हे वाचून घाबरून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. त्रास होत असेल तर तारीखवार लिहून काढा आणि पुढच्या भेटीत दाखवा.

आणि कुणी आधीच कुणाची तरी गोळी घेऊन बसलं असेल, किंवा रूममेटने घेतल्याचं तुम्हाला माहीत असेल, तर छातीत दुखणं, धडधड न थांबणं, चक्कर, भलतंच काहीतरी दिसणं-ऐकू येणं, अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. कॅज्युअल्टीत जा. तिथे ‘काही नाही, ॲसिडिटी झालीये’ असं सांगू नका. गोळीचं नाव, किती घेतल्या, किती वाजता, सोबत काय प्यायलात, सगळं खरं सांगा. नाव आठवत नसेल तर स्ट्रिप बरोबर न्या, रिकामी असली तरी चालेल.